आजोबांना शेवटपर्यंत काही झालं नाही, मग मला त्रेचाळिसाव्या वर्षीच का?

प्रश्न थोडक्यात असा. आजोबा माण तालुक्यातले, ८८व्या वर्षी गेले, गोळी कशी ती माहीत नव्हती. वडील ७१ वर्षांचे. मुंबईत नोकरी, ५४व्या वर्षी हार्ट अटॅक, मग बायपास, आता शुगर आणि बीपी. प्रश्न विचारणारे ४३ वर्षांचे, पुण्यात संगणकासमोरची नोकरी, उंची १६८ सेंमी, वजन ७४ किलो, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) ६.३, बीपी १३८/९०. मुलगा १६ वर्षांचा. "दर पिढीत पुरुषांची तब्येत ढासळत चालली आहे का, आणि मी काय करू?"

आधी आजोबांचं बघू, कारण बहुतेक घरांत गैरसमज तिथूनच सुरू होतो. आजोबांना भावंडं किती होती आणि त्यातली साठी किती जणांनी पाहिली, हे घरातल्या जुन्या माणसांना विचारा. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतातलं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. आज ते ७० आहे. ३२ म्हणजे लोक तिशीत म्हातारे होऊन मरत होते असं नाही. देवी, कॉलरा, हगवण, हिवताप आणि क्षय यांत मुलं जन्मल्यापासून पाच वर्षांच्या आत मोठ्या संख्येने जात. जे ऐंशीपर्यंत पोचले ते त्या चाळणीतून उरलेले. तुम्ही उरलेल्या एका माणसाची तुलना आजच्या सगळ्यांशी करताय. शिवाय "काही झालं नाही" याचा अर्थ बऱ्याचदा "काही मोजलं नाही" असा असतो. त्या काळी खेड्यात बीपी मोजायचं यंत्र तालुक्याच्या दवाखान्यात, आणि पन्नाशीतला शेतकरी रात्री झोपेत गेला तर "पुण्यवान, यातना झाल्या नाहीत" एवढीच नोंद व्हायची.

पिढी बदलली की म्हातारपण वाईटच होतं असंही नाही. फिनलंडमध्ये ७५ आणि ८० वर्षांच्या माणसांची पंजाची ताकद आणि चालण्याचा वेग १९८९-९० साली मोजला होता. तीच मोजणी त्याच वयाच्या नव्या लोकांवर २०१७-१८ मध्ये केली, तेव्हा नंतर जन्मलेले म्हातारे जास्त ताकदीचे आणि जास्त भरभर चालणारे निघाले. स्वीडनमधल्या योतेबोरी शहरात १९६३ पासून पन्नाशीच्या पुरुषांच्या लागोपाठ पिढ्या तपासल्या गेल्या. तिथे सिगारेट खूप घटली, कोलेस्टेरॉल आणि बीपी उतरलं, पण वजन आणि मधुमेह वाढले. म्हणजे चित्र सरमिसळ आहे: आयुष्य लांबलं, म्हातारपणची ताकद सुधारली, कंबर मात्र सुटली.

आपल्याकडे यात एक वेगळा धागा आहे आणि तुमचं उत्तर त्यात आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा पाठपुरावा केला. आयांचं वजन सरासरी ४२ किलो, बाळांचं २.७ किलो, त्याच काळात इंग्लंडमधली बाळं ३.५ किलोची. नेमकं कमी काय होतं? स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. चरबी मात्र त्या मानाने जवळपास शाबूत. दिसायला किरकोळ आणि आतून चरबीचं बाळ. याच डॉक्टरांचा आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी काढलेला फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता: दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के.

आता तुमच्या घरात हे लावून बघा. माणसारखा दुष्काळी तालुका, १९७२ चा दुष्काळ, दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली माणसं, खायला मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) आणि सुकडी (मदतीत मिळणारा कोरडा खाऊ). त्या वर्षांत वाढीच्या वयात असलेल्या मुलींनी पुढे दहा वर्षांनी मुलं जन्माला घातली. कमी अन्नावर तगायचं असं गर्भातच ठरवून घेतलेलं शरीर पुढे तीन वेळच्या भरपेट जेवणाच्या, बैठ्या कामाच्या जगात आलं. स्नायू कमी म्हणजे साखर साठवायला जागा कमी, स्वादुपिंड बेताचं. आजोबांचं शरीरही असंच घडलं असेल, पण ते आयुष्यभर त्याच कमी अन्नाच्या आणि जास्त कामाच्या जगात राहिले, म्हणून ते कधी उघडं पडलं नाही. वडिलांच्या पिढीत बदल ऐन तारुण्यात झाला. तुमच्या पिढीत तो लहानपणीच झाला, म्हणून आजार दहा-पंधरा वर्षं अलीकडे सरकला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या बावन्न देशांच्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियात पहिल्या हार्ट अटॅकचं मधलं वय ५३ निघालं, बाकी देशांत सुमारे ५९. वडील ५४व्या वर्षी त्या रांगेत बरोबर बसतात.

भाकरीबद्दल एक सांगून टाकतो, कारण हा उपाय सगळ्यांना सुचतो. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात आणि गव्हाच्या शंभर ग्रॅम पिठात उष्मांक जवळपास सारखेच. आजोबा भाकरीमुळे सडपातळ नव्हते. भाकरीबरोबर तेल चमचाभर होतं आणि जेवणाआधी-नंतर नांगर होता.

तुमचं: वय ४३

सहा हजारांचं "फुल बॉडी" पॅकेज करू नका. त्यातल्या ऐंशी चाचण्यांपैकी कुठली तरी एक रेषेच्या बाहेर येतेच आणि तिच्यामागे महिना जातो. पहिलं साधन टेप. सकाळी उपाशीपोटी, कपड्याशिवाय, सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचं वरचं टोक यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सोडा, पोट आत ओढू नका. ९० सेंमीच्या वर असेल तर धोका. "माझी पँट चौतीसच नंबरची आहे" हा पुरावा धरू नका; पुरुष पँट पोटाखाली घालतात, पोट वाढलं तरी पट्टा तिथेच राहतो. बीएमआय तुमचा २६.२ येतो. भारतीयांसाठी २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, त्यामुळे "थोडंसं वाढलंय" या सदरात तुम्ही आता नाही.

बीपी १३८/९० हा एक आकडा निदानाला पुरत नाही. दंडावर बांधायचं यंत्र घ्या, मनगटावरचं नको. दंडाचा घेर ३२ सेंमीच्या वर असेल तर मोठा पट्टा लागतो. लहान पट्ट्यावर बीपी उगाच जास्त दिसतं. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नाही, लघवी करून या, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा, दंड छातीच्या उंचीवर. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडा, बाकीच्यांची सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा वर असेल तर ते उच्च रक्तदाबच आहे, "ऑफिसचं टेन्शन" नव्हे.

एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. पण शरीरात लोह कमी असेल तर हा आकडा खोटा वाढतो, म्हणून सोबत हिमोग्लोबिन बघा आणि एकदा ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनंतरची साखर करा. ती २०० किंवा वर गेली तर उंबरठा ओलांडलाय; दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून निदान पक्कं करायचं. कोलेस्टेरॉलमध्ये एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) निदान १०० च्या खाली हवं, मधुमेह ठरला तर ७० च्या खाली. आणि वडिलांना ५४व्या वर्षी अटॅक आला असल्यामुळे लायपोप्रोटीन-ए ही चाचणी आयुष्यात एकदा कराच. ते आनुवंशिक असतं, खाण्याने वर-खाली होत नाही. ५० मिलिग्रॅमच्या वर आलं तर बाकी सगळे धोके जास्त कडकपणे आवरावे लागतात, आणि मुलाचीही पुढे तपासणी करावी लागते.

यकृतावरची चरबी सोनोग्राफीत सापडते आणि रिपोर्टवर "ग्रेड वन" वाचून लोक पुढे जातात. एसजीपीटी (एसजीओटीसारखीच यकृताची रक्ततपासणी) नॉर्मल असलं म्हणून यकृत ठीक, असं नसतं. वय गुणिले एसजीओटी, भागिले (प्लेटलेट हजारांत गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ), एवढा हिशेब करा. समजा एसजीओटी ३८, एसजीपीटी ४९, प्लेटलेट २.४ लाख म्हणजे २४०: ४३ × ३८ = १६३४; २४० × ७ = १६८०; उत्तर ०.९७. १.३ च्या खाली असेल तर यकृतात व्रण पडायला लागले असण्याची शक्यता कमी. वर असेल तर पोटविकारतज्ज्ञाकडे.

आणखी दोन गोष्टी, ज्या पुरुष सांगत नाहीत. एक, घोरणं. बायको म्हणते की मध्येच श्वास थांबतो, दुपारी मीटिंगमध्ये डुलकी लागते, बीपी हट्टाने खाली येत नाही: हे एकत्र असेल तर झोपेची तपासणी हवी. दुसरी, लिंगाची ताठरता कमी होणं. तिथल्या धमन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या, त्यामुळे चोंदायला आधी त्या चोंदतात. हृदयाची तक्रार बऱ्याचदा दोन ते पाच वर्षांनी येते. म्हणून ऑनलाइन गोळी मागवण्याआधी हृदयाचा विचार करा. छातीत दुखतं म्हणून सॉर्बिट्रेट घेणाऱ्याने ती गोळी घेतली तर बीपी जीवघेणं कोसळतं.

"टेस्टोस्टेरॉन कमी होतंय" या जाहिरातींचंही इथेच उरकू. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १९८७ ते २००४ या काळात एकाच वयाच्या पुरुषांची पातळी पिढीगणिक घटताना दिसली, हे खरं आहे. पण तुमच्या वयाला ती कमी असण्याची सर्वात मोठी कारणं पोट आणि अपुरी झोप हीच. चाचणी करायचीच तर सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी. संध्याकाळचा नमुना निरुपयोगी. बाहेरून इंजेक्शन घेतलं की शरीर स्वतःचं बनवणं बंद करतं आणि शुक्राणू शून्यापर्यंत उतरू शकतात. मूल हवं असलेल्याने तर तिकडे फिरकूच नये.

आता करायचं काय. सहा महिन्यांत पाच किलो. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं की तुमच्यासारख्या उंबरठ्यावरच्या भारतीयांमध्ये निव्वळ आहार आणि व्यायामाने मधुमेह होण्याचं प्रमाण तीन वर्षांत २८ टक्क्यांनी घटलं. चार चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला जवळपास ४० ग्रॅम साखर. आधी ती एकेक चमच्यावर, मग शून्यावर. पोळी किंवा भात, एका जेवणात एकच. घराचं तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर. चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा अडीच महिने पुरला पाहिजे, डब्यावर तारीख लिहून ठेवा. उपवासाला साबुदाण्याची खिचडी हा उपवास नाही, ती पिठूळ साखर आहे. प्रत्येक जेवणात प्रथिनं दिसली पाहिजेत: वाटीभर मटकीची उसळ सात-आठ ग्रॅम, अंडं सहा, शंभर ग्रॅम पनीर अठरा, मूठभर शेंगदाणे सात.

व्यायामात नुसतं चालणं पुरत नाही. लोक वर्षानुवर्षं टेकडी चढतात आणि शुगर तिथेच राहते, कारण साखर साठवणारे स्नायू वाढतच नाहीत. आठवड्यातून दोन दिवस बैठका, दंड, वजन उचलणं. शेवटच्या दोन फेऱ्या जड गेल्या पाहिजेत, तरच उपयोग. रात्री जेवल्यावर पंधरा मिनिटं चाला. हे जेवणानंतरच्या साखरेवर सकाळच्या अर्ध्या तासापेक्षा जास्त काम करतं.

एक जुनी राहिलेली गोष्ट: वडिलांच्या दंडावर देवीच्या लशीचा मोठा व्रण असेल, तुमच्या दंडावर बीसीजीचा छोटा. पण हिपॅटायटिस-बीची लस देशभरच्या मोफत लसीकरणात २०११ पर्यंत नव्हती. म्हणून तुमच्या वयाच्या पुरुषाने एचबीएसएजी (हिपॅटायटिस-बीची रक्ततपासणी) तपासावं आणि निगेटिव्ह असेल तर तीन डोस घ्यावेत.

वडील: इथे सगळे नियम उलटे

तुम्ही आनंदाने लिहिलंय की वडिलांचा एचबीए१सी ६.१ आलाय आणि वर्षात वजन ६६ वरून ६१ झालंय. तुमच्या पत्रातली हीच दोन वाक्यं सगळ्यात काळजीची आहेत.

ते ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घेतात. या वयात, या गोळीवर ६.१ म्हणजे मध्येच साखर खूप खाली जात असणार, बहुधा पहाटे. बायपासनंतर मेटोप्रोलॉलसारखी हृदयाचे ठोके कमी करणारी गोळी चालू असेल तर धडधड जाणवत नाही; उरतो तो नुसता घाम, गोंधळलेलं बोलणं, चिडचिड. घरचे म्हणतात "वय झालंय". पहाटे तीन-चारच्या सुमारास आठवड्यातून दोनदा ग्लुकोमीटरने बघा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, आणि सावरले तरी त्या दिवशी एकटं सोडू नका, कारण ही गोळी बरेच तास काम करत राहते आणि साखर पुन्हा पडते. एकादशीला सकाळची गोळी घेऊन उपवास, हा प्रकार तर आजपासून बंद. डॉक्टरांशी बोलून डोस कमी करून घ्या. या वयात एचबीए१सी साडेसात ते आठ पुरे आहे. तुम्हाला मात्र साडेसहाच्या खाली राहायचंय. एका घरात दोघांची साखर जास्त म्हणून एकच पथ्य, हे चुकतं.

वजन. सत्तरीनंतर न ठरवता सहा-बारा महिन्यांत पाच टक्के वजन उतरलं तर कारण शोधायचं असतं: क्षय, थायरॉइड, आतड्याचा कर्करोग, नैराश्य. आणि आधी दात बघा. कवळी हलते म्हणून भाकरी-उसळ सुटते आणि दूध-बिस्किट सुरू होतं, हे अगदी नेहमीचं. कारण सापडो न सापडो, जे उतरतंय त्यात स्नायू मोठ्या प्रमाणात असतात. भिंतीला टेकवलेली, हात नसलेली खुर्ची घ्या. हात छातीवर घडी करून पाच वेळा उठा-बसायला सांगा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायाची ताकद कमी आहे. पोटरीचा सगळ्यात जाड भागाचा घेर ३४ सेंमीच्या खाली हीसुद्धा खूण. याच चाचणीचा व्यायाम करायचा: आठ-आठच्या दोन फेऱ्या, एक दिवसाआड, तीन आठवड्यांनी हातात लिटरच्या दोन पाण्याच्या बाटल्या. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) ठीक असेल तर प्रथिनं दिवसाला ६० ते ७० ग्रॅम. रात्रीची नुसती मऊ खिचडी-कढी फार थोड्या प्रथिनांवर भागवते. त्यात मूगडाळ तांदळाच्या बरोबरीने आणि वर अंडं किंवा पनीर.

बीपी त्यांचं उभं राहूनही मोजा: पाच मिनिटं आडवं झाल्यावर एकदा, मग उभं राहून एका आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० ने पडला तर रात्री बाथरूमला जाताना पडण्याचा धोका. प्रोस्टेटसाठीची टॅम्सुलोसिन आणि बीपीची गोळी एकत्र असताना हे फार होतं. झोपेसाठी अल्प्राझोलाम चालू असेल तर तेही त्यात भर घालतं, पण ते एकदम तोडायचं नसतं. आठवड्या-आठवड्याने कमी करतात. सर्दी झाली म्हणून दुकानातून आणलेली गोळी प्रोस्टेट मोठं असलेल्या माणसाची लघवी तुंबवू शकते, हिवाळ्यात रात्री दोन वाजता नळी घालायची वेळ बहुधा अशीच येते. पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) करायचंच ठरलं तर लघवीच्या संसर्गानंतर सहा आठवडे थांबा. प्रोस्टेटसाठीची फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड सहा महिन्यांहून जास्त चालू असेल तर आलेला आकडा दुपटीने वाचा. कोलेस्टेरॉलची गोळी मात्र "आता वय झालं" म्हणून बंद करू नका; बायपास झालेल्याला एलडीएल ५५ च्या आसपासच हवं.

फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाची एकदा. पुढच्या भेटीला प्रिस्क्रिप्शन नव्हे, घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक चूर्णांसकट. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी चालू असतं, हे पिशवी उलटी केल्यावरच कळतं.

मुलगा: वय १६

त्याच्यासाठी यादी लहान. तीन बोटं उभी एकावर एक तोंडात मावतात का, बघा. मावत नसतील तर सुपारी-गुटख्याने तोंडाची आतली कातडी आकसत असावी, दाखवून घ्या. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी असली तरी पुडी मिळते, आणि आकसलेलं तोंड पूर्ण मोकळं होत नाही. तिथून कर्करोग फार लांब नसतो. जिममध्ये कुणी "सायकल" म्हणजे स्टेरॉइडचा कोर्स घ्यायला सांगत असेल तर ते टेस्टोस्टेरॉन किंवा त्याच्याच जातीचं औषध, वर लिहिलंय ते त्यालाही लागू. अंघोळ करताना वृषणात कडक, न दुखणारी गाठ लागली तर लाजायचं नाही, त्याच आठवड्यात दाखवायचं; या वयातल्या तरुणांमध्ये तो कर्करोग वेळेत सापडला तर बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. आणि वाढ संपल्यानंतर त्याची कंबर वर्षातून एकदा, वाढदिवसाला, तुमच्याच टेपने मोजा. उंचीच्या निम्म्याच्या वर गेली की आधी त्याच्या रात्रीच्या झोपेचे तास आणि गोड पेयांच्या बाटल्या मोजायला घ्या.